मुलगा अठरा वर्षांचा होतो आहे. गाडीच्या विम्याचे काय करावे?

मुलुंडच्या एका वाचक भगिनींचे पत्र: "आमची २०१९ सालची, ११९७ सीसीची पेट्रोल गाडी यजमानांच्या नावावर आहे. गाडी घेतल्यापासून एकही क्लेम केलेला नाही. मुलगा येत्या नोव्हेंबरात अठरा वर्षे पूर्ण करील आणि गाडी चालवण्यासाठी तो आत्तापासूनच उतावीळ आहे. माझी नणंद न्यू जर्सीत राहते. तिच्या मुलाचे नाव विम्यात घातल्यावर त्यांचा हप्ता जवळजवळ दुप्पट झाला, असे ती सांगते आणि ते ऐकून आमचे धाबे दणाणले आहे. गाडी मुलाच्याच नावावर करून टाकावी का? आमचे एजंट म्हणतात, 'कंपनीला काही कळवूच नका.' शिवाय यजमान दर रविवारी सकाळी त्याला सोसायटीच्या आवारात गाडी शिकवू लागले आहेत. त्यात विम्याची काही अडचण आहे का? पॉलिसीचे नूतनीकरण ऑक्टोबरात आहे."

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातला शेवटचा प्रश्न आपण जाता जाता विचारला आहे, पण मला तोच सर्वांत आधी घ्यावा लागेल, कारण बाकीच्या प्रश्नांत काही हजार रुपयांचा हिशेब आहे आणि या एका प्रश्नात आपले घरदार गुंतलेले आहे. रविवारची ही शिकवणी कृपया आजच थांबवा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी चारचाकी चालवता येत नाही आणि तिचे शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळते ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचे, त्यामुळे शेजारच्या मुलाने एकशे दहा सीसीची स्कूटर क्लासला नेली तरी तीही बेकायदेशीरच असते. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक यांना दोषी मानले जाते. त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

सोसायटीचे आवार म्हणजे सार्वजनिक रस्ता नव्हे, असा युक्तिवाद यजमान करतील. बाहेरच्या लोकांना जिथे मोकळेपणाने येता-जाता येते ती जागा कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक ठरू शकते, आणि दूधवाला, कुरिअरवाला, पाहुणे ज्या आवारात दिवसभर ये-जा करतात तिथे हा वाद कोर्टात कसा सुटेल यावर मी तरी पैज लावणार नाही. विम्यापुरते बोलायचे तर त्या वादात शिरण्याची गरजच नाही. पॉलिसीत 'ड्रायव्हर क्लॉज' नावाचा एक परिच्छेद असतो आणि त्यात लिहिलेले असते की गाडी चालवणाऱ्याकडे त्या वेळी त्या प्रकारच्या वाहनाचे वैध लायसन्स असले पाहिजे. ते नसेल तर खांबाला घासलेल्या दरवाजाचाही पैसा मिळत नाही. एखाद्या वृद्ध रहिवाशाला धक्का लागून गंभीर इजा झाली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरणसिंग निकालापासून रूढ झालेल्या पद्धतीनुसार कंपनीला सामान्यतः आधी जखमी माणसाला भरपाई द्यावी लागते आणि मग ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला मिळते. अशा भरपाईचे आकडे लाखांत आणि कधी कधी कोटीत जातात. वसुलीची ती नोटीस यजमानांच्या नावाने येईल.

आता नणंदबाईंच्या हप्त्याकडे वळू. त्यांनी सांगितलेले खोटे नाही, पण ते तिकडचे आहे. अमेरिकेत विमा कंपनी घरातल्या प्रत्येक चालकाची नोंद घेते, त्याचे वय आणि वाहतुकीचे गुन्हे तपासते आणि त्यावरून हप्ता ठरवते. सोळा ते एकोणीस वयाच्या मुलांचे अपघात तिथे दर मैलामागे सर्वांत जास्त होत असल्याने त्यांच्या नावाने हप्ता फुगतो. म्हणून तिकडचे पालक शाळेतले चांगले गुण दाखवून सवलत मिळवतात, मुलाला वेगळी पॉलिसी न काढता आपल्याच पॉलिसीत घेतात आणि त्याच्या वाट्याला घरातली सर्वांत जुनी गाडी देतात. न्यू जर्सीत तर एकवीस वर्षांखालील नवशिक्या चालकांना गाडीच्या नंबर प्लेटवर लाल रंगाची खूण लावावी लागते.

थोडक्यात, तिकडे हप्ता मुख्यतः माणूस पाहून ठरतो आणि आपल्याकडे तो गाडी पाहून ठरतो. आपल्या हप्त्याचा एक भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा असून तो केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये पडतात. गाडी सत्तर वर्षांचे आजोबा चालवोत की अठरा वर्षांचा नातू, त्यात एक रुपयाचाही फरक पडत नाही. दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला 'ओन डॅमेज' म्हणतात. तो गाडीचे मूल्य म्हणजे आयडीव्ही, इंजिनची क्षमता, गाडीचे वय आणि शहर यांवर मुख्यतः ठरतो. काही कंपन्या मालकाविषयी दोन-चार प्रश्न विचारतात, परंतु घरात आणखी कोण कोण गाडी चालवते याची यादी सर्वसाधारण पॉलिसीत मागितली जात नाही. वैध लायसन्स असलेला कोणीही मालकाच्या परवानगीने गाडी चालवू शकतो, असेच तो ड्रायव्हर क्लॉज म्हणतो. तेव्हा एजंटांचे 'काही कळवू नका' हे वाक्य ऐकायला कारस्थानासारखे वाटले, तरी त्यात लपवण्यासारखे काही नाही; मुलाचे लायसन्स आले म्हणून कळवावे असा नियमच नाही. प्रस्ताव अर्जात किंवा क्लेमच्या अर्जात प्रश्न विचारला गेला, तर मात्र खरे उत्तर द्यायचे, आणि त्याविषयी पुढे सांगतो.

मग मुलामुळे हप्ता वाढतच नाही का? वाढतो, पण मागच्या दाराने, आणि त्या दाराचे नाव नो क्लेम बोनस. आपण पाच वर्षांहून अधिक काळ क्लेम केलेला नाही, म्हणजे ओन डॅमेजच्या हप्त्यावर आपल्याला कमाल ५० टक्के सूट मिळत असणार. ही सूट पायरीपायरीने चढते: पहिल्या विनाक्लेम वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. उतरताना मात्र पायऱ्या नसतात, एका क्लेमने ती थेट शून्यावर येते.

हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. समजा, बोनस वजा करण्यापूर्वीचा ओन डॅमेजचा हप्ता १०,००० रुपये आहे आणि आज आपण त्याचे ५,००० भरता. नवशिक्या हाताने गाडी पार्किंगच्या खांबाला घासली आणि गॅरेजने रंग सोडून १०,००० रुपयांचे बिल दिले: ४,००० चा बंपर, ३,००० चे पत्र्याचे फेंडर आणि ३,००० मजुरी. प्लॅस्टिकच्या भागांवर कंपनी ५० टक्के घसारा कापते, म्हणजे बंपरचे २,००० मिळाले. पाच वर्षांहून जुन्या गाडीच्या पत्र्यावर ४० टक्के कापते, म्हणजे फेंडरचे १,८०० मिळाले. मजुरीचे ३,००० धरून बेरीज ६,८०० झाली. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीवर प्रत्येक क्लेममागे सक्तीचे १,००० रुपये मालकाने सोसायचे असतात, ते गेले की हातात ५,८०० आले. आता दुसरी बाजू पाहा. पुढच्या वर्षी बोनस शून्य झाल्याने आपण ५,००० जास्त भराल, त्यानंतरच्या वर्षी ३,०००, मग २,५००, मग १,५००, मग ५००. पाच वर्षांत १२,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर १४,७५० रुपये. गाडीचे मूल्य दरवर्षी घटत असल्याने प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल, तरीही ५,८०० रुपये मिळवण्यासाठी त्याच्या दुपटीच्या आसपास मोजण्याचा हा व्यवहार कोणी शहाणा माणूस करणार नाही. दुर्दैवाने गॅरेजमध्ये तो रोज होतो, कारण काउंटरवरचा मुलगा "साहेब, कॅशलेस आहे, तुम्हाला काहीच भरावे लागणार नाही" असे इतक्या आपुलकीने सांगतो की समोरच्याचा हात सहीकडे जातोच.

म्हणून घरात आत्ताच एक आकडा ठरवून ठेवा. आपल्या गाडीसाठी तो साधारण पंधरा हजारांच्या आसपास असावा, असे मला वाटते. त्याखालचे डेंटिंग-पेंटिंग स्वतःच्या खिशातून करायचे, आणि शक्य असेल तर त्याचा काही भाग मुलाच्या हातखर्चातून जावा. समोरच्या गाडीचे किंवा माणसाचे नुकसान झाले असेल तर हा आकडा विसरून कंपनीला ताबडतोब कळवा.

हा आकडा ठरवलात की हप्ता कमी करण्याचा एक सरळ मार्ग मोकळा होतो. छोटे क्लेम आपण करणारच नसाल, तर सक्तीच्या हजारावर आणखी काही रक्कम सोसण्याची तयारी, म्हणजे 'व्हॉलंटरी डिडक्टिबल', स्वीकारता येते. जुन्या दरपत्रकात २,५०० रुपयांच्या तयारीवर ओन डॅमेजमध्ये २० टक्के परंतु कमाल ७५० रुपये आणि ५,००० च्या तयारीवर २५ टक्के परंतु कमाल १,५०० रुपये सूट होती. आता कंपन्यांचे स्वतःचे तक्ते असतात, ते विचारून घ्या. याच्या उलट मार्ग 'एनसीबी (नो क्लेम बोनस) प्रोटेक्शन' या जोडसंरक्षणाचा आहे. थोडा जास्त हप्ता भरला की वर्षात ठरावीक क्लेम होऊनही बोनस टिकतो. किती क्लेम आणि कोणत्या अटींवर, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. हे दोन्ही एकत्र घेणे मला विसंगत वाटते, कारण एकात छोटे क्लेम करणार नाही म्हणून सूट घ्यायची आणि दुसऱ्यात क्लेम करण्याची मोकळीक विकत घ्यायची. मुलाच्या पहिल्या दोन वर्षांत मी एनसीबी प्रोटेक्शनच्या बाजूने कौल देईन. नवशिक्याचा मोठा अपघात एकदाच होतो, पण तेवढ्याने पन्नास टक्के जातात. त्याचा हात बसला की ते सोडून डिडक्टिबलकडे वळा. 'झिरो डेप्रिसिएशन' हे जोडसंरक्षण मिळाले तर बंपरचा घसारा वाचतो, परंतु पाच वर्षांवरच्या गाडीसाठी बऱ्याच कंपन्या ते देताना हात आखडता घेतात, आणि झिरो डेपचा क्लेमही बोनस घालवतोच, हे ध्यानात असू द्या.

मुंबईत आणखी एका गोष्टीचा हिशेब वेगळा करावा लागतो, तो म्हणजे पावसाळ्याचा. ओन डॅमेज असलेल्या साध्या पॉलिसीत पुराचे नुकसान धरलेले असते. मात्र पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करण्याच्या प्रयत्नात इंजिनात पाणी ओढले गेले आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर तो चालकाने ओढवून घेतलेला परिणाम समजला जातो आणि इंजिनाचे पैसे नाकारले जातात. विमा सर्वेक्षक म्हणून काम करताना दर जुलैत माझा पहिला हात बॉनेटखालच्या एअर फिल्टरच्या डब्याकडे जाई. झाकण उघडल्यावर फिल्टरचा कागद ओला आणि घड्यांत गाळ साचलेला दिसला की पुढची गोष्ट मालकाने सांगण्याआधीच कळायची. हिंदमाता किंवा मिलन सबवेत पाणी भरल्यावर अनुभवी माणूसही घाबरून चावी फिरवतो, मग अठरा वर्षांच्या मुलाचे काय सांगावे? त्याला एवढे एकच वाक्य पाठ करायला लावा: पाण्यात गाडी बंद पडली की चावी काढायची, उतरायचे आणि टो करायला गाडी बोलवायची. शिवाय अशा नुकसानीसाठी असलेल्या 'इंजिन प्रोटेक्शन' या जोडसंरक्षणाची किंमतही विचारून पाहा.

गाडी मुलाच्या नावावर करण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे. बोनस गाडीचा नसतो, तो मालकाचा असतो. आरटीओत नाव बदलले की यजमानांनी मिळवलेले ५० टक्के मुलाकडे जात नाहीत आणि मुलगा शून्यापासून सुरुवात करतो. म्हणजे जो बोनस वाचवण्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच आपण आपल्या हाताने देऊन टाकू. तसे करण्याचा एक खरा फायदा मात्र आहे आणि तो सांगितला नाही तर सल्ला अपुरा राहील. पॉलिसीसोबत घेतले जाणारे १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त मालक-चालकाला असते. गाडी यजमानांच्या नावावर असल्यामुळे ती चालवताना मुलाला काही झाले तर त्या १५ लाखांतले काही मिळत नाही, आणि आपण स्वतः गाडी चालवत असाल तर आपल्यालाही मिळत नाही. मालकाच्या परवानगीने गाडी चालवणारा घरचा माणूस स्वतःच्या गाडीपुरता थर्ड पार्टीही ठरत नाही. यावर उपाय गाडीचे नाव बदलणे हा नसून, मुलाच्या आणि आपल्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी काढणे हा आहे. तिचा हप्ता गाडीच्या हप्त्यापुढे किरकोळ असतो.

पैसे वाचवण्यासाठी 'गाडी जुनी झाली, आता नुसती थर्ड पार्टी ठेवू' हा विचारही मनात येईल. मुलगा चालवू लागेपर्यंत कदाचित तो चालला असता. मुलगा लोणावळ्याला जाईल तेव्हा गाडीत चार मित्र असतील, आणि नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खाजगी गाडीत मोफत बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी सर्वसाधारणपणे कंपनी घेत नाही. थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेल्या सर्वसमावेशक पॉलिसीत ती घेतली जाते. आयडीव्ही मुद्दाम कमी लावून हप्ता उतरवण्याचाही मोह टाळा, कारण गाडी चोरीला गेली किंवा पुरती निकामी झाली तर तेवढीच रक्कम हाती येते.

किरकोळ सवलतींवर मी फार शाई खर्च करणार नाही. चोरीविरोधी मान्यताप्राप्त उपकरणाची किंवा वाहनमालक संघाच्या सदस्यत्वाची सूट जुन्या दरपत्रकातून चालत आली आहे, पण ती काहीशे रुपयांच्या पलीकडे जात नाही. विचार करण्याजोगी सवलत वेगळीच आहे. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने 'पे ॲज यू ड्राइव्ह' आणि 'पे हाऊ यू ड्राइव्ह' या दोन प्रकारांना परवानगी दिली. पहिल्यात वर्षाला गाडी किती किलोमीटर धावते त्यावर आणि दुसऱ्यात ती कशी चालवली जाते त्यावर ओन डॅमेजचा हप्ता ठरतो. मुलुंडहून कामाला लोकलने जाणाऱ्या कुटुंबाची गाडी वर्षभर फारशी धावत नाही, म्हणून पहिला प्रकार आपल्याला जमू शकेल. मुलगा गाडी बाहेर काढू लागल्यावर किलोमीटर वाढतील हे मात्र आधीच धरून मर्यादा निवडा. दुसऱ्या प्रकारात जोरात ब्रेक लावले, वेग वाढवला की त्याची नोंद होते. मुलाला ही नोंद खटकेल, पण मला तीच त्याची उपयुक्त बाजू वाटते.

आता खऱ्या उत्तराविषयी. अपघातानंतर 'मुलगा नव्हे, मीच चालवत होतो' असे सांगण्याकडे वडिलांचा कल असतो. एका वर्कशॉपमध्ये मी अशीच एक गाडी तपासली होती. अर्जावर वडिलांची सही आणि त्यांच्या लायसन्सचा नंबर होता. वडील जेमतेम सव्वापाच फुटांचे, आणि गाडीत ड्रायव्हरची सीट रुळावर पार मागे सरकवलेली. त्यांना त्या सीटवर बसायला सांगितले तेव्हा त्यांचा पाय क्लचपर्यंत पोहोचेना. मुलाकडे पक्के लायसन्स होते, म्हणजे खरे सांगितले असते तर क्लेम रीतसर मंजूर झाला असता. खोट्या निवेदनामुळे तो गेला.

नोव्हेंबरात वाढदिवस झाला की मुलाचे शिकाऊ लायसन्स काढा. ते सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. या काळात त्याने शक्यतो मोटार ट्रेनिंग स्कूलच्या दुहेरी ब्रेकच्या गाडीवर शिकावे, म्हणजे पहिले खरचटे त्यांच्या गाडीला आणि त्यांच्या विम्याला लागतील. आपल्या गाडीवर सराव करायचा असेल तर शेजारी पक्के लायसन्स असलेली आणि वेळ पडल्यास गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेली व्यक्ती हवी. पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' पुढेही लावावा आणि मागेही. लोक तो फक्त मागच्या काचेला चिकटवतात; नियमात पुढे-मागे दोन्हीकडे आणि किमान अठरा सेंटिमीटरची चौकोनी पाटी सांगितलेली आहे. या अटी पाळल्या तर शिकाऊ चालकालाही पॉलिसी संरक्षण देते.

वेळापत्रक पाहता ऑक्टोबरचे नूतनीकरण मुलाच्या वाढदिवसाच्या आधी येते, आणि डिसेंबर-जानेवारीत तो पक्के लायसन्स घेऊन त्याच पॉलिसीवर गाडी चालवू लागेल. जोडसंरक्षणे वर्षाच्या मध्यात सहसा घेता येत नाहीत, म्हणून एनसीबी प्रोटेक्शन आणि इंजिन प्रोटेक्शनचा निर्णय ऑक्टोबरातच घ्यावा लागेल. त्यासाठी सप्टेंबरअखेर तीन कंपन्यांचे दर एकाच आयडीव्हीवर मागवा. कंपनी बदललीत तर अर्जात बोनसचा आकडा जुन्या पॉलिसीवर छापला आहे तोच लिहा, कारण नवी कंपनी तो जुन्या कंपनीकडून पडताळून घेते. आणि मुदत संपू देऊ नका. ती संपून नव्वद दिवस उलटले तर एकही क्लेम न करता बोनस जातो.